सत्तावन्न पंचवीस

आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण ते फक्त आकड्यांच्या बाबतीत. एरवी दिवसभर ह्यांच्या तोंडून एक शब्द काढायचा तर मलाच घाम फुटतो. ह्यांचा सगळा जन्म बोअर मारण्यात गेला. इंजिनचा सिलिंडर आतून झिजला की तो मशीनवर किंचित मोठा कातायचा, गुळगुळीत करायचा आणि परत द्यायचा. माप घेताना दोन्ही हात गेजवर, मग लिहिणार कशानं? म्हणून काटा जिथं थांबेल तो आकडा तिथल्या तिथं मोठ्यानं बोलायचा, दुसऱ्यानं लिहून घ्यायचा. लग्नानंतर माझ्या बांगडीचं माप घेतलं, तेसुद्धा भर दुकानात असं ठणकावून सांगितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या नणंदेची मुलगी मोटरसायकल पळवते. घरात तिला सगळे भिंगरीच म्हणतात. तिचे वडील गेले, त्यांची जुनी गाडी राहिली, तीच घेऊन ती दरवर्षी शर्यतीत उतरायची आणि सातवी-आठवी यायची. यंदा पहिल्या तिघांना कंपनीच्या टीममध्ये घेणार होते. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती, आणि नेमकं तेव्हाच इंजिन धूर ओकायला लागलं.

ह्यांनी सिलिंडर उघडला. आत उभे चरे पडलेले. मग खडू घेऊन ह्यांनी मशीनच्या पत्र्यावर हिशेब मांडला. सिलिंडरचा व्यास सत्तावन्न मिलिमीटर. त्याला त्यानंच गुणायचं, मग पॉइंट सात आठ पाच चारनं, मग पिस्टन जितका वर-खाली जातो त्या अंतरानं. मूळ माप निघालं एकशे एकोणपन्नास सीसी आणि वर अर्धा. शर्यतीची मर्यादा दीडशेची.

"बोअर मारला की पाव मिलिमीटर वाढणार," हे म्हणाले. "त्याहून कमीचा पिस्टन मिळतच नाही. सत्तावन्न पंचवीस म्हणजे एकशे पन्नास पॉइंट पंच्याऐंशी. बाद होशील."

"मग आत नळीसारखी नवी स्लीव्ह बसव ना, मामा. पुन्हा मूळ मापावर येईल."

"या गाडीची स्लीव्ह बाहेरून मागवावी लागते. शर्यत होऊन जाईल तोवर."

भिंगरी हट्टाला पेटली. "इंजिनं फक्त पहिल्या तिघांची उघडतात. या खटाऱ्यावर तिसरी यायचं मला स्वप्नसुद्धा पडत नाही. बाबांची गाडी शेवटची एकदा पळू दे, बस."

मीच मध्ये तोंड घातलं. "अहो, एवढं काय? जास्तीचं ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणातसुद्धा दिसायचं नाही." मग ह्यांनी खडूचा हिशेब फडक्यानं पुसला आणि बोअर मारला.

शर्यतीला आम्ही तिघंही गेलो, मी, हे आणि नणंद. भिंगरी सुरुवातीला सातवीच होती. मग वळणावर एकाला मागं टाकलं, पुढं आणखी एकाला. नणंद उड्या मारायला लागली. जास्तीच्या त्या थेंबानं कुणी जिंकत नाही, हे मला ह्यांनीच नंतर सांगितलं. गाडीचा दम परत आला होता, बाकी सगळी करामत पोरीच्या हातांची. लोक आपल्या माणसानं जिंकावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात. आमचे हे कठडा धरून पुटपुटत होते, "चौथी ये गं बाई, चौथी ये."

भिंगरी तिसरी आली.

आणि तीन इंजिनांची मापं घ्यायला क्लबनं दरवर्षीप्रमाणे ह्यांनाच बोलावलं. ह्यांच्या मापावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. हे म्हणाले, "आज डोळे दुखतायत, दुसरं कुणी बघा." क्लबचे अध्यक्ष हसले. "तुम्ही डोळे मिटून माप घेतलंत तरी चालेल आम्हाला."

पहिली दोन इंजिनं झाली. तिसऱ्याकडं जाताना हे माझ्या जवळून गेले आणि हळूच म्हणाले, "सत्तावन्न म्हणतो." मी मान हलवली. खोटं तर खोटं. माझ्या मनाला जराही टोचलं नाही, आजही टोचत नाही. भिंगरी हेल्मेट पोटाशी धरून उभी होती. ह्यांनी गेज आत सोडलं. काटा हलला, थांबला.

"सत्तावन्न," हे म्हणाले. अध्यक्षांनी पेन टेकवलं. भिंगरीनं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"पंचवीस."

ह्यांचा हात तोंडाकडं गेला, पण शब्द निघून गेला होता. काटा दिसला आणि जीभ चालली, इतकंच. अध्यक्षांनी दोनदा गुणाकार केला, मग विचारलं, "हा बोअर कुणी मारला?"

"मीच," हे म्हणाले. ते काही लपवता आलंच नसतं.

लोक ह्यांच्या खरेपणाचं कौतुक करतात तेव्हा माझं डोकं फिरतं. कसला खरेपणा! घरी आल्यावर माणूस मोरीत तोंडावर पाणी मारत बसला. "मी सत्तावन्नच म्हणणार होतो गं. घोकत होतो." नणंदेनं बोलणं टाकलं. भिंगरी भांडली असती तरी बरं वाटलं असतं. ती आलीच नाही. तिच्या जागी चौथा आलेला मुलगा टीममध्ये गेला.

पुढं ह्यांनी मागवलेली ती स्लीव्ह आली. कुणी सांगितलेलं नसताना ह्यांनी बसवली, सिलिंडर मूळ मापाला आणला. आमच्याकडंच राहिलेली गाडी धुऊनपुसून उभी केली. न्यायला कुणी येत नाही.

काल चहा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले तर हे त्याच गाडीपाशी बसलेले. इंजिनचं डोकं पुन्हा उघडलं होतं, गेज आत होतं. आसपास लिहून घेणारं कुणी नव्हतं.

"सत्तावन्न," हे मोठ्यानं म्हणाले. गेज बाहेर काढलं, पुसलं, परत आत सोडलं.

"सत्तावन्न."