काढून टाकलेला आवाज

मार्चमधला दुसरा मंगळवार, सकाळी साडेअकरा. जागा : बेसा, काकांच्या घराची पुढची खोली. हजर : पलंगावर काका, आमच्या रसायनशास्त्र विभागात आयुष्यभर काचकाम केलेले, त्यांच्या पायाशी काकू, स्टुलावर माझी पीएचडीची विद्यार्थिनी, आणि मी, त्याच विभागातली प्राध्यापक. हजर नव्हते : काकांचा उजवा हात आणि त्यांची वाचा. जानेवारीत लकवा मारला तेव्हापासून.

आम्ही कशासाठी गेलो होतो ते सांगते.

तुटलेला कंडेन्सर, चिरलेली नळी, कुठल्याही कॅटलॉगमध्ये न मिळणारं उपकरण, हे सगळं काकांच्या बर्नरवर व्हायचं. ते येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा भरली जाणार नव्हती. म्हणून गेल्या वर्षी मी ठरवलं, त्यांच्या हातात जे आहे ते व्हिडिओत उतरवून ठेवायचं. यादी केली. एकोणीस कामं, एकोणीस व्हिडिओ. दोन मोबाइल, ट्रायपॉड, कॉलरला माइक.

अडचण एकच होती. काका बोलत नसत.

"काका, प्रत्येक पायरी सांगा ना."

"मॅडम, हे काय भाजीची रेसिपी हाय?"

दोन नळ्या ज्योतीत फिरवत राहायचे, फिरवत राहायचे, आणि एकदम म्हणायचे, "आता." नळ्या जुळायच्या.

"आता म्हणजे नेमकं कधी?"

"आता म्हन्जे आता." मग विद्यार्थिनीकडे वळून, "अवं, घाई काहून करून राहिली? काच हाय ते, तुह्या घरची कणिक नाही."

मला वाटलं, निदान ते 'आता' तरी स्वच्छ ऐकू यावं. ज्योतीच्या सुसकाऱ्यात त्यांचा आवाज बुडत होता. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मागचा आवाज काढून टाकण्याचं बटण होतं. एकोणीसही व्हिडिओंवर ते मी दाबलं. फार छान निघाले. प्राचार्यांनी सभेत दाखवले, टाळ्या झाल्या. ड्राइव्ह भरत आला होता, म्हणून मूळ चित्रीकरण मी पुसलं. ते काम झाल्याची खूणही यादीत केली.

जानेवारीनंतर विद्यार्थिनीने व्हिडिओ लावून टी-जोड, म्हणजे एका नळीच्या मध्यावर दुसरी आडवी जोडायचं काम, करायला घेतला. जोड दिसायचा बरोबर. थंड होताना 'टिक' व्हायचं आणि चीर जायची. एक, दोन, पाच, दहा. तिने ज्योतीचा रंग जुळवून पाहिला, पण मोबाइलचा कॅमेरा उजेड आपल्या मनाने कमी-जास्त करतो, त्यामुळे रंगावर भरवसा नव्हता.

"मॅडम, काका 'आता' म्हणतात ते कशावरून?" तिने विचारलं.

मी पहिला व्हिडिओ पुन्हा लावला. त्यात सुरुवातीलाच काका म्हणतात, "पंखा बंद करा, आयकू येऊन नाही राहिलं." दुसऱ्यातही तेच. एप्रिलच्या उन्हाळ्यात, घामाने शर्ट भिजलेला, तरी पंखा बंद. मी समजत होते, ते माझ्या रेकॉर्डिंगची काळजी घेत आहेत. ते ज्योत ऐकत होते. काचेच्या कडेवर आपटणाऱ्या ज्योतीचा आवाज बदलला की 'आता'. आणि तो आवाज मी एकोणीस वेळा पुसला होता.

मग शोधाशोध. माझा लॅपटॉप, नाही. विभागाचा ड्राइव्ह, नाही. विद्यार्थिनीचा पेनड्राइव्ह, त्यात फक्त स्वच्छ केलेल्या प्रती. एक मोबाइल माझ्याच हातात होता, त्यातलं मीच पुसलेलं. दुसरा मी धरमपेठेतल्या दुकानात देऊन नवा घेतला होता. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट करूनच पुढे देतो मॅडम." मागच्या गिऱ्हाइकाने सरकायला सांगितलं.

तर त्या मंगळवारी आम्ही काकांकडे अकरा आवाज घेऊन गेलो. विद्यार्थिनीने बर्नरचा ऑक्सिजन कमी-जास्त करून, काच पुढे-मागे धरून, ज्योतीचे अकरा आवाज मोबाइलवर घेतले होते. यातला कोणता, एवढंच विचारायचं होतं.

पहिला लावला. काकांनी डोळे मिटले. "नाही," ते म्हणाले.

दुसरा. "नाही." अकरावा. "नाही."

विद्यार्थिनीचा चेहरा पडला. काकू म्हणाल्या, "मॅडम, तेवढाच एक शब्द राहिला त्याईच्यापाशी. चहा घेता काय म्हटलं तरी नाहीच म्हन्तेत. अन् कप उचलतेत."

म्हणजे अकराही चूक होते, की त्यातला एक बरोबर होता, हेसुद्धा आम्हाला कळायला मार्ग नव्हता. आम्ही पुन्हा पहिल्यापासून लावले. आता त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत, तो काही खूण करतो का म्हणून. काकांनी मोबाइल ओढून घेतला, कानाला दाबला आणि गादीवर पालथा ठेवला. मग ओठ जुळवले. तो आवाज ते स्वतः काढून दाखवणार होते. पण तोंडाची उजवी बाजू लुळी, हवा तिथूनच निसटायची. फस्. फस्. पाच-सहा वेळा. विद्यार्थिनी गुडघ्यांवर बसून त्यांच्या तोंडाजवळ मोबाइल धरत होती आणि रडत होती.

"काहून तरास देऊन राहिल्या त्याईले?" काकू म्हणाल्या. "दोघीही चहा घ्या अन् जा."

आम्ही चहा घेतला. निघताना काकांनी डाव्या हाताने दाराकडे बोट केलं. जा म्हणत होते की मला न्या, ते काकूंनाही सांगता आलं नाही.

मी 'मला न्या' असंच धरलं आहे. त्यांना बर्नरसमोर बसवायचं, खरी ज्योत, पंखा बंद, आणि त्यांचा डावा हात विद्यार्थिनीच्या मनगटावर. काचकामाची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. महिनाअखेर तिथली गॅसची लाइन काढून स्मार्ट क्लासरूम होणार आहे. मुदतवाढीचा अर्ज दिला आहे. त्यांना बसवून वर न्यायला हात असलेली खुर्ची मिळाली आहे. उचलायला चार माणसं ठरली आहेत. डॉक्टरांनी 'सांभाळून' एवढं म्हटलं आहे.

काकूंना अजून विचारलेलं नाही.