कप्तानाचा खुबा

करार तयार होता, पाच वर्षांचा. राहिली होती ती फक्त माझी सही.

मी बव्हेरियातल्या एका आइस हॉकी क्लबची टीम डॉक्टर. करारापूर्वी मी खेळाडूची मेडिकल करते. मी 'फिट' लिहिलं तरच करार लागू होतो. आमचा कप्तान यान छत्तीस वर्षांचा. या खेळात हे वय निरोपाच्या भाषणाचं. पण मॅनेजर ब्रांट यांना त्याच्याशी हा करार करून 'निष्ठेचा महोत्सव' करायचा होता. स्टेज, धूर, बँड, सगळं ठरलं होतं.

यान मेडिकल टाळत होता. कधी सर्दी, कधी मुलीची शाळा. शेवटी मीच ड्रेसिंग रूममध्ये गेले. किट सांभाळणारा माणूस गुडघ्यावर बसून यानच्या स्केटच्या नाड्या बांधत होता. "कप्तानाचा मान. आमची नवी परंपरा," ब्रांट प्रायोजकांना सांगत होते. प्रायोजकांनी फोटो काढले. मला त्यात परंपरा कमी आणि लक्षण जास्त दिसलं.

सराव संपून सगळे गेल्यावर मी यानला थांबवलं.

"उजवा स्केट स्वतः बांधून दाखव."

"तू डॉक्टर आहेस की बालवाडीची बाई?"

"बांध."

तो वाकला. हात पावलापर्यंत पोचलेच नाहीत. चेहरा पांढरा पडला.

एमआरआय काढला. खुब्याच्या सांध्यातली गादी जवळजवळ झिजून गेली होती. बर्फावर वेगात असताना लंगडणं दिसत नाही. उरलेलं वेदनाशामक गोळ्या झाकतात.

"सही कर ना," यान म्हणाला. "हॉकीशिवाय मला काही येत नाही. मला कोण ठेवणार?"

"असाच खेळलास तर काठी घेऊन चालशील. मी सही करणार नाही. पण कारण ब्रांटना तूच सांगायचंस."

जर्मनीत डॉक्टरला 'श्वाइगेफ्लिश्ट' असते. रुग्णाचं दुखणं त्याच्या परवानगीशिवाय मालकालाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रांटनी मला बोलावलं.

"हे बघा, फ्राउ डॉक्टर, बॅनर छापून झालाय."

"बॅनर फिट आहे. यान नाही."

"कारण?"

"मला सांगता येत नाही."

"मग मी दुसरा डॉक्टर बघतो."

"बघा. माझी सही मिळणार नाही."

"कुणाला बघू नका," दारातून यानचा आवाज आला. "माझा खुबा गेलाय. अख्खा सीझन गोळ्यांवर खेळलो."

ब्रांट उठले. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. "आधी बस," म्हणाले. त्यांचं इतकं छोटं भाषण मी पहिल्यांदाच ऐकलं.

करार पाच वर्षांचाच झाला, पण ज्युनियर टीमच्या कोचचा. त्याआधी ऑपरेशन, कृत्रिम खुबा. यान पुन्हा सामना खेळला नाही. आता तो पोरांवर ओरडतो आणि जिने विनातक्रार चढतो. महोत्सवही झाला. ब्रांटनी त्याचं नाव 'दूरदृष्टीचा महोत्सव' ठेवलं, एवढाच फरक.

लांबच्या कराराला माझा विरोध नाही. सही हात करतो, पण करार सांध्यांना पाळावा लागतो. तेव्हा आधी त्यांना विचारावं.