नाट्यगृहातला पटका

माझं शिक्षण दुसरी पास. तिसरीत मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. मी म्हणतो, मी शाळा सोडली. मास्तर म्हणायचे, शाळेनं मला सोडलं. दोघंही शेवटपर्यंत आपापल्या जागी ठाम राहिलो. तेव्हा एखादा काना-मात्रा सुटला असेल तर वाचणाऱ्यानं आपल्या पदरचा लावावा.

गाव आमचं पालीकडचं, पण आता मुक्काम बीडला पोराच्या घरी, बायपासच्या पलीकडच्या कॉलनीत. इथं निम्मी घरं आणि निम्मे मोकळे प्लॉट. उन्हाळ्यात ही कॉलनी दारं लावून पंख्याखाली पडलेली असते. थंडी पडली की मात्र माणसांना कलेची हुक्की येते. शेजारचे पेन्शनर कानटोपी घालून सकाळीच दारात उभे राहतात. "आबा, चला, चित्रांचं प्रदर्शन हाय." पुढच्या रविवारी गाणं. त्याच्या पुढच्या रविवारी गाडी करून धारूरचा किल्ला.

मी सगळीकडं जातो, आणि जातो तो पटका बांधून. कानटोपी मला आवडत नाही. कानटोपी घातली की माणूस आजारी दिसतो, आणि पटका बांधला की आजारी माणूससुद्धा पंच दिसतो. चित्रांच्या प्रदर्शनात एका शेतकऱ्याचं चित्र होतं. बाकी सगळं झकास, पण त्याच्या पटक्याला शेवच नव्हता. कापड सुरू कुठं झालं आणि संपलं कुठं, पत्ताच नाही. मी चित्र काढणाऱ्या पोरीला बोलावून सांगितलं, "बाई, हे डोक्याला झालेलं बँडेज हाय." पोरगी गुणाची. तिनं मला उभं करून चारी बाजूंनी माझे फोटो काढले. त्या दिवशी मी घरी आलो तो जरा ताठच आलो.

आता मूळ गोष्ट. नातीच्या शाळेचं नाटक बसलं होतं. मोठ्या नाट्यगृहात, रविवारी सकाळी अकराला. नात सातवीत. तिला म्हातारीचं काम मिळालं होतं. तिनं महिनाभर आमच्या मंडळीला, म्हणजे तिच्या आजीला, धरून ठेवलं. खोलीचं दार लावून दोघींचं काहीतरी चालायचं. मी दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "आबा, तुमी न्हाई यायचं!" मी कशाला जातोय? माझं मन तर त्या दिवशी कोणता पटका बांधावा यातच अडकलं होतं.

पोरानं आम्हाला दोन तिकिटं दिली, शेजारशेजारची. आकडे मला वाचता येतात. मी खुर्ची बघून बसलो, आणि मंडळी शेजारी बसायला लागली तर मीच गोंधळलो. गावात आम्ही कधी असं बसलो नाही. जत्रेचा कार्यक्रम असो की शाळेच्या पटांगणातलं भारूड, बाप्ये पुढं, बाया मागं. मी बसायचो पुढं आणि ती बरोब्बर माझ्या पाठीमागं. मग मी मागच्या ओळीतल्या आमच्याच पेन्शनर शेजाऱ्याला म्हणालो, "तुमी पुढं या, हिला तुमच्या जागेवर बसू द्या."

ते म्हणाले, "कावून?"

"आमच्यात असंच असतंय."

"आबा, बायकू शेजारी बसली तर चावती का?"

"तुमची चावत नसंल. उठा."

ते बिचारे हसत हसत पुढं आले. मंडळी उठली. मागं जाऊन बसली. मी आपला पटका चाचपला आणि मांडी घालून खुर्चीत नीट बसलो.

पडदा वर जायच्या आधी मागच्याच्या मागच्या ओळीतून एक तरुण वाकला. "बाबा, जरा पटका काढता का? स्टेज दिसंना."

मी म्हणालो, "पटका काढायचे दोनच टाइम असत्यात. एक, घरात कुणी गेलं तर. दुसरं, कुणाच्या पायावर ठिवायचा तर. माझ्या घरी सगळे धडधाकट हायत, आणि तुझ्या पायावर ठिवायचं काही काम न्हाई."

"अवो, थिएटर हाय हे."

"मग काय झालं? तुमी सगळ्यांनी मोबाइल वर धरलेत, त्यानं कुणाला आडवं येत न्हाई का? माझा पटका निदान उजेड तरी मारत न्हाई."

आजूबाजूचे हसले. तो तरुण मागं टेकला. मी जिंकलो. अंधार झाला, पडदा वर गेला. स्टेजवर खरं जातं मांडलं होतं. पांढरे केस लावलेली, नऊवारीत गुंडाळलेली एक म्हातारी काठी टेकत आली. माझी नात. मी ओळखलीच नाही, चालणं हुबेहूब आमच्या मंडळीसारखं.

तेवढ्यात मागून मंडळीचा आवाज आला. हळू, पण त्या तरुणापेक्षा धारदार.

"आवो."

"काय गं?"

"जात्याला बसली का ती?"

"बसतीय. दिसत न्हाई का?"

"कसं दिसंल? पन्नास साल झाले, जत्रंत गेले, भारुडाला गेले, मी तुमच्या पटक्याचा मागचा पीळच बघत आले. किती येढे असत्यात, त्ये मला तोंडपाठ हाय. तवा काय बोलले न्हाई. पर आज ती माझी ओवी म्हणणार हाय. म्या शिकवलीय. आज मला तिचं तोंड बघायचंय."

मी मान थोडी डावीकडं केली. ती म्हणाली, "आता पटक्याचा शेव आडवा आला." मी उजवीकडं केली. शेजारचे पेन्शनर म्हणाले, "आता मला दिसंना." मी मांडी सोडून खाली घसरलो, पण गुडघे पुढच्या खुर्चीला लागले आणि पटका मात्र तिथल्या तिथं. देवानं मला उंची दिली आहे आणि पटक्यानं त्यात वीतभर भर घातली आहे, तर मी तरी काय करणार?

हात एकदा वर गेला, हे खरं आहे. पटक्याला लागलाही. पण तो तरुण मागून बघत असणार. आता काढला तर त्याचं ऐकल्यासारखं होईल, आणि ते मला मंजूर नव्हतं. बायकोचं ऐकायला माझी हरकत नाही, पण लोकांना काय कळतं कुणाचं ऐकलं ते?

मी उठलो. म्हणालो, "ये पुढं. बस माझ्या जागंवर."

"आन् तुमी?"

"माझी खुर्चीत कंबर धरती."

सगळी ओळ गुडघे आवरत, कुरकुरत मला वाट देत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पटका, खाली बसा की!" मी मुद्दाम हळूच गेलो. घाईनं गेलो असतो तर पळाल्यासारखं दिसलं असतं. पुढं जाऊन बाजूच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. तिथली जागा मोकळी का होती ते तिथं गेल्यावर कळलं. समोर कपाटाएवढा स्पीकर. त्याच्याआडून मला अर्धं जातं, खुंटा आणि खुंट्यावरचा नातीचा एक हात दिसत होता. बाकी नात स्पीकरमागं.

हात फिरायला लागला. आणि नातीनं ओवी धरली:

"आरशाम्होरं धनी माझं पटका बांधित्यात,
भाकर करपली तव्यात, आरशातच बघत्यात."

आधी मला वाटलं दुसऱ्या कुणाच्या धन्याचं असेल. मग कॉलनीची सगळी माणसं एकदम मान वळवून भिंतीकडं बघायला लागली. कॉलनीत पटका बांधणारा दुसरा आहेच कोण? सगळं थिएटर हसलं. तो तरुण तर खुर्चीतून अर्धा उठून म्हणाला, "बाबा, तुमच्यावरच हाय का हे?"

मी म्हणालो, "भाकर करपली न्हवती. जरा लाल झालती."

पन्नास वर्षांत कधीतरी माझ्या घरात, माझ्या जात्यावर, माझ्यावर ओवी रचली गेली होती, आणि मला ती नातीच्या तोंडून, स्पीकरमधून ऐकावी लागली. राग यायला पाहिजे होता. पण मंडळीकडं बघितलं आणि राग यायचा राहिला. माझ्या खुर्चीत ती ताठ बसली होती, हात मांडीवर, ओठ हलत होते. नात एक ओळ म्हणायची, त्याच्या आधीच हिच्या ओठावर ती यायची. समोर कुणाचा पटका नव्हता, काही नव्हतं. नात गात होती तेवढा वेळ तिनं डोळ्याची पापणी पाडली नाही. पेन्शनर काहीतरी बोलायला वाकले तर त्यांनासुद्धा हातानंच गप्प केलं.

मी शेवटपर्यंत उभा राहिलो. पाय भरून आले, पण बसलो नाही.

बाहेर आल्यावर रिक्षा केली. या वेळी ती माझ्या शेजारी बसली, रिक्षात दुसरी सोयच नसते. मी पटका सारखा केला. मग म्हणालो, "कवा रचली व्हती ती?"

"लगीन झाल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या सालाला."

"मला सांगितली न्हाई?"

"तुमी आरशातून वळले कुठं?"

रिक्षावाला फिसकन हसला. मी त्याला म्हणालो, "तू पुढं बघून चालव."

नगर नाक्यापाशी आल्यावर मात्र माझ्यानं राहवेना. स्पीकरचं मी तिला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतो. पण विचारल्याशिवाय कळणार कसं? मी रस्त्याकडं तोंड करून म्हणालो, "ओवी म्हणताना पोरीचं तोंड कसं दिसत व्हतं?"

"तुमाला दिसलं न्हाई?"

"दिसलं. तरी तू सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पदर खांद्यावर नीट घेतला आणि अगदी पडदा वर गेल्यापासून सांगायला लागली. कॉलनी आली, रिक्षा थांबली, तरी तिच्या सांगण्यात नातीचा दुसरा हात, मला न दिसलेला, अजून पदराकडंच चालला होता. मी रिक्षावाल्याला म्हणालो, "जरा थांब बे. गोष्ट व्हायचीय."