बुधवारची फर्स्ट शिफ्ट

भैय्याजी मोहरील यांनी सोळा वर्षांत योगाभ्यासाला एका दिवसाचा खाडा केला नव्हता, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस भिलाईच्या सेक्टर दहात शोधून सापडला नसता, कारण भैय्याजी स्वतःच ती सगळ्यांना सांगत. लग्नाच्या दिवशी अंगाला हळद लागायच्या आधी त्यांनी शीर्षासन उरकलं होतं. वडील गेले तेव्हा स्मशानातून आल्यावर आंघोळ करून ते कोपऱ्यात सतरंजी टाकून बसले होते. वर्ध्याहून इथे नोकरीला आले तेव्हा पोलाद कारखान्याची पहिली भट्टी नुकतीच पेटली होती. राहायला तंबू आणि तंबूत विंचू. तरी विंचू झटकून त्यांनी पद्मासन घातलंच. हे सगळं खरं होतं. माणूस खोटारडा नव्हता, निदान त्या बुधवारपर्यंत तरी नव्हता.

कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांच्या, कचेरीत ते हजेरीबाबू होते. पुढच्या आठवड्यात कोणी सकाळी सहाला यायचं, कोणी दुपारी दोनला, कोणी रात्री दहाला, याचा तक्ता दर शनिवारी त्यांच्या टाकातून उतरायचा. फोरमन खाली सही ठोकायचा आणि वाचायचा नाही. मोहरीलबाबूंच्या कागदात चूक नसते, हे सगळ्या खात्याला पाठ होतं.

रोज सकाळी साडेसहाला त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात वर्ग भरायचा. आठ-दहा माणसं यायची, त्यात दोन बाबू, एक शाळामास्तर आणि बाकी कामगार. भैय्याजी पैसा घेत नसत, पण कौतुक मात्र मोजून घेत. मयूरासनात त्यांचं पोट दोन कोपरांवर तोललं गेलं की ते तिरप्या नजरेने पाहून घेत, कोण पाहतंय आणि कोण नाही.

एवढा पुरुषार्थ असून त्यांचं एक दुखणं होतं आणि ते बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं. त्यांना बसता येत नव्हतं. म्हणजे मांडी घालता येई, पाठ काठीसारखी ताठ राही, पण डोळे मिटले की आत आठवडी बाजार भरायचा. बढती कोणाची झाली, डाळीला फोडणी कमी पडली, शेजाऱ्याने कुंपण आपल्याकडे सरकवलं का, सगळं तिथे. श्वास मोजू लागले की सत्ताविसाच्या पुढे गाडी जात नसे. वर्ध्याच्या गुरुजींनी त्यांना आसनं दिली, प्राणायाम दिला, आणि म्हटलं होतं, "पुढचं वेळ आली की देईन." तेव्हापासून दर गुरुपौर्णिमेला भैय्याजी पत्र लिहीत आणि दर वेळी पोस्टकार्डावर एकच उत्तर येई, "अजून बस." अकरा पोस्टकार्डं जमली होती. 'पुढचं' मिळावं एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती. बाकी नोकरी, क्वार्टर, दोन पोरी, सगळं ठीक होतं.

अशात केवलराम कापगते आला. साकोलीकडचा, शेतकरी घरचा, कोक ओव्हनच्या माथ्यावर झाकणं उघडायच्या कामाला. खुर्सीपारला एका खोलीत राहायचा. कंबर धरली म्हणून कोणीतरी त्याला वर्गात पाठवलं. आसनांच्या बाबतीत तो निव्वळ ओंडका. शीर्षासन करायला गेला तो थेट तुळशीच्या कुंडीवर कोसळला आणि स्वतःच मोठ्याने हसला. भैय्याजींनाही हसू आलं. असा चेला कोणाला नको?

शेवटी सगळे डोळे मिटून बसले. दहा मिनिटांनी भैय्याजींनी टाळी वाजवली. सगळे हलले. केवलराम हलला नाही. एक माशी त्याच्या पापणीवर चालत होती, नाकावर उतरली, ओठावर गेली, आणि तो आपला बसलेला. दुसरी टाळी वाजली, तिसरी वाजली. मग त्याने सावकाश डोळे उघडले.

"झाला का जी टाइम? मले वाटलं, आत्ताच त बसलो."

"मनात काय येत होतं?" भैय्याजींनी विचारलं.

"मनात?" केवलरामाने थोडा विचार केला. "काई नाई बाबूजी. बसलो होतो."

त्या दिवसापासून भैय्याजींच्या पोटात जे दुखायला लागलं ते कोणत्याही आसनाने थांबेना. सोळा वर्षं आपण घासली आणि हा गडी भट्टीवरून उठून येतो आणि बसतो! ना यम, ना नियम, बिडी ओढतो, सुकट खातो, ओंकारसुद्धा धड म्हणता येत नाही. भैय्याजी जळायचे, अक्षरशः जळायचे. डोळे मिटल्यावर आता बाजारही भरत नव्हता. आत एकच दुकान उरलं होतं, केवलरामाचं. पापण्यांच्या फटीतून ते त्याच्याकडे पाहत, हलला का, खाजवलं का, डुलकी आली का. एकदा तो खरंच पेंगला तेव्हा भैय्याजींचा सगळा दिवस आनंदात गेला.

"अहो, तुम्ही डोळे मिटता की दुसऱ्यावर पहारा करून राहिले?" रत्नमालाबाईंनी एकदा चहा देता देता विचारलं. बाईंच्या जिभेला हाड नव्हतं, पण नजर मात्र पक्की होती.

"तुम्हाला यातलं काही समजत नाही," भैय्याजी म्हणाले. बायकोला 'तुम्ही' म्हणायला लागले की समजावं, वर्मावर बोट पडलं आहे.

केवलराम मात्र नेमाने येत राहिला. दुपारची पाळी असली की वर्गाला वेळेवर हजर. रात्रपाळी असली की सुटून थेट यायचा, तोंड काळंच असायचं. आणि सकाळची फर्स्ट शिफ्ट लागली की वर्ग हुकायचा, म्हणून दुपारी दोनला सुटल्यावर सायकल मारत यायचा आणि ओसरीवर एकटाच बसून जायचा. गावाहून आला की रत्नमालाबाईंसाठी पिशवीभर चिन्नोर तांदूळ आणायचा. त्या तांदळाचा भात घरभर घमघमायचा आणि भैय्याजींच्या घशाखाली उतरायचा नाही.

माघात गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. या वेळी त्यावर चार ओळी जास्त होत्या. रायपूरला एका शिष्याकडे जातो आहे, मंगळवारी संध्याकाळी दुर्गला उतरेन, बुधवारी सकाळी तुझा वर्ग पाहीन, अकराच्या पॅसेंजरने पुढे जाईन. आणि शेवटी लिहिलं होतं, "बसतोस असं दिसलं तर पुढचं देईन."

गुरुजी आपल्याला 'पुढचं' द्यायला येताहेत, असं वर्गात सांगून भैय्याजींनी ते कार्ड देवापुढे ठेवलं. आनंद पुरता वर येतो न येतो तोच त्यांना दिसलं: बुधवार, अंगण, गुरुजी, आणि समोर केवलराम, पापणीवर माशी घेऊन. गुरुजी वर्ग पाहणार म्हणजे काय पाहणार? त्या माणसाशेजारी आपण बसलो तर सोळा वर्षं झाकून ठेवलेलं सगळं एका क्षणात उघडं पडेल.

त्या शनिवारी तक्ता लिहायला घेतला. पुढच्या आठवड्यात केवलरामाची दुपारची पाळी येत होती. भैय्याजींनी टाक दौतीत बुडवला, निथळवला आणि 'कापगते' हे नाव फर्स्ट शिफ्टच्या रकान्यात लिहिलं. त्याच्या जागी फकिरा नावाचा दुसरा कामगार टाकला. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. फोरमनने सही केली आणि कागद भिंतीवर लागला.

"फकिराची काई अडचण असंन," केवलराम तक्ता पाहून म्हणाला. "काई हरकत नाई जी. गुरुजीले माया नमस्कार सांगजा." भैय्याजींनी मान हलवली.

बुधवारी गुरुजी अंगणात खुर्चीवर बसले. सत्तरी ओलांडलेले, दात बसवलेले, पोटाच्या तक्रारीने बेजार, आणि कानटोपी घातलेले. भैय्याजींचं सर्वांगासन बघून ते "छान" म्हणाले, मयूरासन बघून "वा" म्हणाले. मग म्हणाले, "बसा आता." सगळे बसले. आज समोर केवलराम नव्हता. पापण्यांच्या फटीतून पाहावं असं काही नव्हतं. तरी भैय्याजी पूर्ण वेळ केवलरामाकडेच पाहत होते. तो आता माथ्यावर झाकणं उघडत असेल, त्या धगीतही असाच निवांत असेल मेला. पाठ मात्र त्यांनी तसूभर हलू दिली नाही.

वर्ग सुटल्यावर घरात चहा झाला. गुरुजींनी बशीत ओतून फुरका मारला आणि म्हणाले, "भैय्या, सोळा वर्षं टिकलास. माणसं सोळा महिने टिकत नाहीत. तुला पुढचं देऊन टाकावं म्हणतो."

भैय्याजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खाली वाकून गुरुजींचे पाय धरले.

"पण माझा एक नियम आहे," गुरुजी म्हणाले. "एकट्याला देत नाही. एकेकट्याने बसून दोन भले माणसं डोकं फिरलेले पाहिले मी. म्हणून जोडीने देतो. रोज समोरासमोर बसायचं, एक घसरला तर दुसऱ्याने धरायचं. तुझ्या वर्गात असा स्थिर बसणारा कोणी?"

"आहे की!" रत्नमालाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "केवलराम आहे. दगडासारखा बसते बघा तो."

"कुठे आहे तो?"

"फर्स्ट शिफ्ट लागली त्याला. दोनला सुटते. मग येते इथेच, ओसरीवर बसायला."

गुरुजींनी खिशातलं घड्याळ पाहिलं. "दोन ना? मग अकराची गाडी सोडतो. संध्याकाळच्या पॅसेंजरने जाईन. बाई, मऊ भात टाका थोडा माझ्यासाठी. काय भैय्या, चालेल ना तो जोडीला?"

प्रश्न सोपा होता. 'हो' म्हटलं की मिळत होतं. जे अकरा पोस्टकार्डांत मिळालं नव्हतं ते दुपारी तीनपर्यंत पदरात पडत होतं. भैय्याजींना हे अगदी लख्ख समजत होतं. पण त्यासोबत केवलरामही समोर बसला असता, रोज, जन्मभर. आपल्याला सोळा वर्षांनी मिळालेलं त्याला चार महिन्यांत मिळालं असतं. आणि घसरलं तर कोण घसरणार होतं, कोण धरणार होतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"नाही गुरुजी," भैय्याजी म्हणाले. "बसतो बरा. पण नियमित नाही तो. आजचंच पाहा ना. तुम्ही येणार हे माहीत होतं, तरी आला नाही."

रत्नमालाबाईंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "अहो, ड्यूटी..."

"मनात असतं तर पाळी बदलून घेतली असती. मीच तर तक्ता लिहितो. एका शब्दाने काम होतं. बोलला नाही."

"असं होय," गुरुजी म्हणाले. "मग राहू दे. नियम नसलेला माणूस जोडीला घेऊ नये. दुसरा कोणी?"

"नाही."

"मग पुढल्या खेपेला पाहू, जगलो तर." गुरुजींनी कानटोपी नीट केली आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

भैय्याजी त्यांना दुर्ग स्टेशनवर सोडून आले. कचेरीतून रजा होती. घरात शिरले तर रत्नमालाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुला ना मला, घाल कुत्र्याला," त्या सुपाला म्हणाल्या. "म्हण ऐकली होती. पाहिली आज."

भैय्याजी ओसरीवर जाऊन बसले. आजवर त्यांना वाटत होतं की आपल्याला 'पुढचं' हवं आहे. आज कळलं की त्याहून जास्त काहीतरी हवं होतं, आणि ते हे होतं की केवलरामाला ते मिळू नये. एवढं स्वच्छ दर्शन त्यांना सोळा वर्षांत कोणत्याही आसनात झालं नव्हतं. पण त्याने मन निवळलं म्हणावं तर तेही नाही. आत ते तसंच धुमसत होतं.

अडीचला सायकल वाजली. केवलराम ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. तोंडभर कोळसा, नुसते डोळे आणि दात दिसत होते.

"आले होते का जी गुरुजी?"

"आले आणि गेले."

"मंग?" त्याने आवाज खाली आणला. "देलं का त्याईनं तुमाले? ते पुढचं?"

आत सुपाचा आवाज थांबला. भैय्याजींनी त्या काळ्या चेहऱ्याकडे पाहिलं. खरं सांगायला ही एकच वेळ होती. पण हरलेलं तोंड याच माणसाला दाखवायचं?

"दिलं," ते म्हणाले.

केवलराम मटकन पायरीवर बसला. मग त्याचे डोळे भरून आले आणि गालावरच्या कोळशातून पाण्याचे दोन ओघळ खाली आले.

"लय चांगलं झालं जी बाबूजी, लय चांगलं झालं. सोळा वर्सं! मी आज भट्टीवर आठी तास हेच म्हणून राहिलो होतो. म्हटलं, देवा, माया बाबूजीले आज भेटलंच पाह्यजे." तो उठला आणि ओसरीवर डोकं टेकवून त्याने भैय्याजींच्या पायांना हात लावला.

भैय्याजी खाली वाकून त्याचं तोंड न्याहाळू लागले. जळफळाट कसा दिसतो, डोळ्यांच्या कोपऱ्यात तो कुठे लपतो, ओठ कसे ताणले जातात, हे त्यांच्याइतकं अख्ख्या भिलाईत कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी नीट शोधलं. कुठेतरी बारीकसं कुसळ तरी सापडेल, मग आपल्याला हायसं वाटेल. काही नव्हतं. दुसऱ्याला मिळालं म्हणून हा माणूस खरोखर रडत होता. आणि भैय्याजींना त्याच्या त्या आनंदाचाही हेवा वाटला.