वन्सं लवकर आल्या

हरलेला माणूस आधी घर गाठतो. आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, हरल्या की घरी यायच्याच नाहीत. टेनिसची स्पर्धा बंगलोरला असो की कलकत्त्याला, त्यांचा निकाल बहुतेक वेळा सुरुवातीलाच लागलेला असायचा. पण त्या जालन्याला उतरायच्या त्या अंतिम सामना उरकल्यावर, सगळ्यांच्या मागून.

याला कारण आमच्या सासूबाई. लेक दारात दिसली की त्या विचारायच्या, "लवकर आलीस गं?" इतर घरांत हे कौतुकानं विचारतात. आमच्याकडे लेकीनं लवकर येणं म्हणजे हरून येणं, हे दूधवाल्यालाही ठाऊक होतं. सासूबाईंच्या मनात वाईट काही नसायचं, तरी वन्संचा चेहरा उतरायचा. शेवटी त्यांनी लवकर येणंच सोडून दिलं.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा वन्संशी खेळेल असं जालन्यात कुणी उरलं नव्हतं. क्लबातल्या साहेबांना दोन गेम हरले की नेमक्या फायली आठवायच्या. म्हणून वन्सं कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायच्या. तिथले चौकीदार चाचा चिडवायचे, "दीवारसे क्या जीतते बेटी?"

"जीतत न्हाई चाचा," वन्सं म्हणायच्या, "पण हिला घरी जायाची जल्दी नसती."

मी कधी ताक घेऊन जायचे. त्या मोकळ्या आवारात एकट्या बाईचा तो चेंडूचा आवाज ऐकून मला गलबलून यायचं.

जगाच्या यादीत त्यांचं नाव होतं, आठशेच्या पुढं कुठंतरी. कुंभार पिंपळगावहून वन्संचे मामा आले की हमखास विचारायचे, "कितवा नंबर हाय म्हणं पोरीचा?" सासूबाई पदर सावरून सांगायच्या, "आठशेच्या वर!" मामा "बाप रे!" करून आदरानं मान डोलवायचे. वन्सं हसत आत यायच्या. एकदा मात्र हसू ओसरल्यावर मला म्हणाल्या, "वहिनी, त्या यादीत नाव हाय म्हणून मी खेळाडू. नाव गेलं की मंग नुसती लग्नाची राह्यलेली पोरगी." मिळवलेले गुण वर्ष सरलं की पुसले जात. ते पुन्हा जिंकून भरावे लागत. वन्संचा सगळा जीव त्यात अडकलेला असायचा.

हरल्यावर परगावी राहून त्या काय करतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्या मुलींनी दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर जाऊन सही करायची आणि थांबायचं, अशी त्यांच्यात पद्धत असते. मुख्य स्पर्धेतली कुणी आजारी पडली, तर थांबलेल्यांतल्या एकीला आत घेतात. बाकीच्या पोरी सामान आवरून गाडीला पळायच्या. वन्सं रॅकेट मांडीवर घेऊन बाकावर बसून राहायच्या. अशाच एकदा त्यांना जागा मिळाली, सामना जिंकला आणि यादीत नाव आलं. "लोक म्हणतात, लई चिकाटी," त्या म्हणाल्या. "कशाची चिकाटी वहिनी? आईपुढं उभं राह्याची भीती वाटायची."

त्यांचे गुण पुसले जायच्या आधीची शेवटची स्पर्धा पुण्याला होती. निघताना सासूबाई एकदम म्हणाल्या, "हे बघ, हरलीस तर हरलीस. परक्या गावात अशी एकली बसून राहू नको. सरळ घरी ये. मी काई बी विचारणार न्हाई." म्हणजे त्यांनाही सगळं कळत होतं. वन्सं वाकून नमस्कार करून गेल्या.

त्या पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटीनं दारात हजर! सासूबाईंनी शब्द पाळला. समोर बसवून गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, डोक्यावरून हात फिरवला. वन्संना इतकं पोटभर जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला फार बरं वाटलं.

दुपारी फोन वाजला. मीच उचलला. पुण्याहून त्यांची एक खेळाडू मैत्रीण बोलत होती. सकाळी एकीचा पाय मुरगळला, जागा निघाली आणि पहिलं नाव वन्संचंच पुकारलं. त्यांची सकाळची सही नव्हती, म्हणून त्यांच्या मागच्या मुलीला घेतलं. ती जिंकलीसुद्धा. मी रिसीव्हर वन्संच्या हाती दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बराबर हाय," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"कुणाचा गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"मैत्रिणीचा. सुखरूप पोचले का, इचारून राह्यलीती."

यादीतलं नाव गेलं. वन्संनी नाशिकला एका शाळेत खेळ शिकवायची नोकरी धरली, खोली घेतली आणि एकट्याच राहिल्या. इकडे सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "माझ्या एका शब्दावर पोरगी घरी आल्ती." वन्सं सुट्टीत आलेल्या असल्या तर शेजारीच बसून ऐकायच्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा वन्सं रजा काढून आल्या. एका दुपारी सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "त्या टायमाला मी तुला उगंच तर माघारी बोलावलं न्हाई ना गं?"

मी औषधाची बाटली हातात धरून तशीच उभी राहिले.

"न्हाई आई," वन्सं म्हणाल्या. "तिथं मला कोण बोलावणार व्हतं?"