डावं पायडल: सिंदी ते समुद्रपूर, हिंगणघाटमार्गे

"आत्या, जामच्या चौरस्त्यापासून समुद्रपूर हाकेच्या अंतरावर आहे. मग तुम्ही हिंगणघाटला कशाला गेलात? नकाशा उलटा धरला होता का?" वसंताची मुलगी, म्हणजे माझी भाची, परवा फोनवरचा नकाशा बघून हसत होती. तिला मैत्रिणींबरोबर सायकलवर तोच रस्ता करायचा आहे. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या हौशी मंडळींसाठी हे लिहून ठेवते. आणि नकाशाचं म्हणशील तर बाई, आमच्याकडे नकाशा नव्हता, मावशी होती. ती हिंगणघाटला राहायची आणि मुक्काम तिच्याकडेच करायचा, असा बाबांचा हुकूम होता.

गोष्ट ऐंशी-एक्याऐंशीच्या हिवाळ्यातली. माझ्या धाकट्या भावाला, वसंताला, समुद्रपूरच्या एका शाळेत कारकुनाची नोकरी मिळत होती. लहानपणीच्या पोलिओनं त्याच्या उजव्या पायात जोर राहिला नव्हता. सायकल तो एकट्या डाव्या पायानं चालवायचा. डाव्या पायडलला चामडी पट्टा ठोकलेला, पाऊल त्यात अडकवून खाली दाबायचं आणि वर ओढायचं. उजवा पाय फ्रेमच्या खुंटीवर आरामात. असा तो आमच्या सिंदीच्या बाजारात धडधाकट पोरांना मागे टाकायचा. पण बाबांच्या लेखी तो अजून कडेवरचाच होता.

"परगावी एकटा कसा राहीन हा? यष्टीत चढतानी कोन हात देईन?" हे आठवडाभर चाललं. शेवटी बाबा म्हणाले, "जा. पन सायकलनं जाऊन सायकलनं ये. कोनाच्या गाडीत बसून आला तं नोकरीचं नाव नको काढजो." मला बरोबर धाडलं ते साक्षीदार म्हणून. "खोटं नको सांगजो बाई," असं वरून बजावलं.

निघताना ते गोठ्यातून बाहेरसुद्धा आले नाहीत. पोरगा पहिल्यांदा घराबाहेर पडतो आहे आणि बापाला बैलाची वैरण सुचते, याचा मला फार राग आला.

आम्ही ऊन अंगावर आल्यावरच निघालो. हिवाळ्यात पहाटे निघा म्हणून सांगणाऱ्यांनी आमच्याकडची थंडी खाल्लेली नसते. जामपर्यंतचा आतला रस्ता तेव्हा अर्धा डांबरी, अर्धा नशिबाचा होता. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी फुटलेली, आणि कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जाऊन जाऊन वाटेतल्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लागलेले. जामच्या चौरस्त्यावर आम्ही आलुबोंडे खाल्ले, दोघांत मिळून चार. आज जाणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे, जामनंतर हमरस्त्यावर कडेकडेनं चला. तेव्हा ट्रकवाले हात करायचे, आता वाराच ढकलून देतो.

हिंगणघाटच्या गिरणीची चिमणी दिसायला लागली आणि वसंताचं पायडल डुगडुगायला लागलं. थोडं पुढं जातो तोच ते पट्ट्यासकट त्याच्या पायात राहिलं आणि सायकल आडवी झाली. गुडघा खरचटला, पण तो गुडघ्याकडे बघतच नव्हता. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांडीच्या, टोकाच्या ज्या भोकात पायडल पिळून बसतं, तिथले आटे पार सपाट झाले होते. पायडल घातलं की सुळकन बाहेर.

दुसऱ्या कुणाचं असतं तर एका पायडलवर भागलं असतं. वसंताकडे तोच एक पाय होता.

एक ट्रक थांबला. "चाल ना भाऊ, सायकल टाक मांगं. हिंगनघाटले सोडतो."

"नाई," वसंता म्हणाला.

"माझ्या कॅरिअरवर बस," मी म्हटलं.

"ताई, तू साक्षीदार हायेस. साक्षीदारानंच फितूर होऊ नोय."

मग हँडलवर भार टाकून तो चालत निघाला. मी माझी सायकल ढकलत त्याच्या मागे. दर थोड्या वेळानं तो थांबायचा, मी उगीच चपलेतला खडा काढायची.

गावातल्या सायकल दुकानांनी हात झटकले. सायकल जुनी, विलायती, तिच्या मापाचा क्रँक कुणाकडेच नव्हता. मावशीनं शेजारच्या आत्माराम मिस्त्रींना गाठलं. ते जिनिंगच्या कारखान्यात लेथवर काम करायचे. बोलायला तिखट, पण मावशीच्या सांबारवड्यांपुढे नरम. आजही त्या भागात हिवाळ्यात गेलात तर सांबारवडी चुकवू नका. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरच्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी क्रँक हातात घेऊन बोट फिरवलं. "चुडी मेली बाप्पा, आटेच नाई राह्यले. पायडल ढिल्लं होतं, तसंच दामटलं. याले कोनंतरी पाना लावला हाय. हे पाय, घासल्याची खून ताजी हाय." त्यांच्या बोटाला काळं वंगण लागलं होतं, एरंडेलाचा वास येणारं, गवताची काडी चिकटलेलं.

ते आम्ही दोघांनी ओळखलं. बाबा बंडीच्या आसाला घालायचे तेच वंगण होतं.

वसंता पिंपावर बसला. म्हणाला, "म्या जाऊ नोय असं त्याह्यले वाटे, हे मले मालूम होतं, ताई. पन असं?"

मनात मी बाबांना नाही नाही ते बोलून घेतलं होतं.

मिस्त्री आपल्या कामात होते. त्यांनी क्रँकचं भोक मोठं करून घेतलं, त्यात पोलादी बुश, म्हणजे पोकळ नळीचा तुकडा, ठोकून पितळेनं झाळला. तो निवेपर्यंत चहा झाला. मग बुशाच्या आत ते नवे आटे पाडायला लागले, आणि मी पाहिलं की हात उलटा फिरतो आहे.

"उलटं काऊन करून राह्यले?" मी विचारलं.

"डावं पायडल उलटंच बसते, पोरी. सारे नट उजवीकडं कसतात, हे एकटं डावीकडं. सायकलवाल्यालेच मालूम राह्यते ते." मग वसंताकडे पाहून म्हणाले, "तुह्या घरी सायकल कोन पायते?"

"कोनीच नाई. बाबा तं जन्मात सायकलवर बसले नाईत."

"तरीच! अरे, तो कसाले गेला अन् खोलून बसला. जुने गंजके आटे, खोलतानीही जड लागते, मानसाले वाटते घट्ट झालं. बाकी सायकल पाय ना. सीटचा नट घे, चाकाचे घे, माह्याच्यानं सुटून नाई राह्यले. बैलाच्या ताकदीनं कसले त्यानं. डोक्यापासून चाकापर्यंत वंगण फासलं. ज्याले पाडाचं हाय तो एवढी मेहनत करते का?"

वसंतानं सीटखालचा नट बोटांनी चाचपला. मग चाकाचा. प्रत्येक नटावर बंडीचं वंगण होतं. बाबा निघताना गोठ्याबाहेर का आले नाहीत, हेही मग कळलं. हात काळे असणार, आणि ते आम्हाला दिसायला नको होते. मी तिथंच, लेथच्या खडखडाटात, पदरात तोंड खुपसून रडले. वसंता मात्र हसत होता, डोळे पुसत पुसत.

समुद्रपूरचा रस्ता लोण्यासारखा गेला. हेडमास्तरांनी वसंताला रजिस्टरं दाखवली, त्यांच्या बायकोनं मला खोली दाखवली. खोलीला पायरी एकच होती, हे मी बाबांसाठी लक्षात ठेवलं. रात्र तिथंच काढून आम्ही जामवरून थेट सिंदीला परतलो.

बाबा अंगणात उभे होते. त्यांनी आधी सायकलकडे पाहिलं, मग पोराकडे.

"चालवत गेला, चालवत आला," मी साक्ष दिली. चालत गेलेला तुकडा मी त्यातच धरला.

"काई तरास?" बाबांनी विचारलं.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. वसंतानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गिळून टाकलं.

"काईच नाई, बाबा. मस्त चालली."

"चालनच," बाबा आईकडे वळून म्हणाले. "सारे नट म्या कसले होते."

वसंता नोकरीवर गेला. दर पंधरवड्याला यायचा आणि तो परत निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा पाना घेऊन सायकलपाशी बसायचे. आता उघडउघड. डाव्या पायडलला शेवटचा जोराचा हिसका द्यायचे आणि म्हणायचे, "आता बिनघोर जाजो." वसंता नमस्कार करून निघायचा, गावाबाहेरच्या नाल्यापाशी थांबायचा, पिशवीतून स्वतःचा पाना काढायचा, पायडल उलटं कसायचा आणि पुढं जायचा. त्यानं बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तेव्हा भाचीबाई, पाना जवळ ठेवा, डावं पायडल डावीकडं कसा, आणि हिंगणघाटला जरूर वळा.

बाबा गेले त्या वर्षी, दिवसपाणी उरकल्यावर, मी वसंताला सोडायला नाल्यापर्यंत गेले. तो सवयीनं उतरला, पाना काढला, पायडलला लावून उलटा दाबला. पाना हलला नाही. त्यानं पुन्हा दाबून पाहिलं.

"घट्टच हाय, ताई," तो म्हणाला, आणि पाना हातात धरून तिथंच कठड्यावर बसला.