अंधाराआधीचा उजेड

नाटकमंडळींचे मामा म्हणजे दिव्यांचे राजे. आयुष्यभर रंगमंचाच्या कडेला, उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या दांड्यांपुढे उंच स्टुलावर बसून त्यांनी पहाट फुलवली, वादळं आणली, नायिकेच्या गालावर चांदणं उतरवलं. नटाला टाळी पडली की हे खुशाल स्टुलावरूनच वाकून नमस्कार करायचे. नाट्यगृह बंद पडलं, तेव्हा विज्ञान केंद्राच्या घुमटाकार सभागृहाने त्यांना बोलावलं. खेळ विश्वाचा होता, जन्मापासून शेवटापर्यंत!

"जिन्यातला बल्ब महिनाभर गेलाय आणि निघाले विश्व उजळायला!" मामी म्हणाल्या.

तालमीत मामांनी मिट्ट काळोख केला. मधोमध एक ठिणगी, आणि भपकन स्फोट! खेळाची संहिता लिहिणाऱ्या, खगोलशास्त्र शिकवणाऱ्या बाई मात्र मान हलवत उठल्या.

"मामा, देखणं आहे, पण चूक आहे. स्फोटाच्या बाहेर अंधारी जागा नव्हतीच. जागाच पसरत होती, आणि जिकडेतिकडे नुसता धगधगता उजेड. तो निवत गेला, तेव्हा कुठे अंधार झाला. तारे त्याच्याही नंतरचे."

"अहो बाई, अंधार केल्याशिवाय खेळ सुरू झाल्याचं लोकांना कळणार कसं?"

"ते तुम्हीच बघा. उद्या जमलं नाही तर व्यवस्थापक तयार फिल्म लावणार आहेत. मग आपण दोघं घरी."

दुसऱ्या दिवशी मामा आले, तेव्हा झाडलोटीसाठी सभागृहातले झाडून सगळे दिवे चालू होते. सवयीने हात दांडीकडे गेला आणि तिथेच थबकला. मामा गालात हसले.

प्रेक्षक आले ते डोळ्यांवर हात धरूनच. कोपरान् कोपरा लखलखत होता. खुर्च्यांवरून हुज्जत, हाका, हशा. व्यवस्थापक तरातरा आले.

"मामा, लोक खोळंबलेत! सुरू करा!"

"साहेब, बसून घ्या. पहिला अंक चालू आहे."

पांढरा उजेड पिवळा झाला, पिवळ्याचा केशरी, केशरीचा लाल. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बोलणी तेवढी आपोआप हळू झाली. मग काळोख. मामांनी तो चांगला ताणला, आणि पहिला तारा लावला. सभागृहभर एकच "अहाहा!" ताऱ्यांचे थवे झाले, दीर्घिका फिरल्या, आपला सूर्य आला, फुगला, विझला. मग एकेक करत सगळेच. शेवटचा लालसर ठिपका मामांनी इतका सावकाश ओढला की तो गेला कधी, हे कुणालाच सांगता येईना.

टाळी नाही. मामांचा जीव टांगणीला. या अंधारात नमस्कार तरी कुणाला करणार? मग मागून एक टाळी आली, आणि घुमट दणाणला.

दिवे लागल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "सगळं झकास, पण सुरुवात कुठे दाखवलीत? मी तर इथेच होतो."

"इथेच म्हणजे तिच्यातच होतात की!" बाई हसल्या.

व्यवस्थापकांनी त्याच दुपारी फिल्मवाल्यांना नकार कळवला, आणि पुढच्या खेळाला दारं उघडताच पहिल्या रांगेत येऊन बसले.